दोन किटल्या

पाळकसाहेबांनी भाकरीच्या ताटावरचं झाकण उचललं आणि मला तो डाग दिसला.

प्रभुभोजनाच्या मेजावर पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं होतं. मेजाच्या उजव्या अंगाला पेल्यांची दोन तबकं, एकावर एक ठेवलेली. खालच्या तबकाला लागूनच कापडावर रुपयाएवढा डाग पडला होता. मी गायनमंडळात बसत असे. आमचे बाक मेजाच्या बाजूला आडवे लावलेले, त्यामुळे मेज माझ्यापासून फार तर चार हातांवर. डाग स्वच्छ दिसत होता आणि तो तपकिरी होता.

तपकिरी कसा? पेल्यांत काळ्या द्राक्षांचा रस असतो. तो सांडला तर डाग जांभळा पडतो आणि धुऊन धुऊन फिका झाला तरी निळसरच राहतो. पांढऱ्या सुती कापडावर सांडून थोड्याच वेळात तपकिरी होणारं जांभळं पाणी मला एकच ठाऊक होतं. मी नर्स. वॉर्डातल्या असल्या डागांच्या चादरी मी पाच वर्षं बदलत आले होते. आणि ते पाणी त्या सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत मीच कालवून ठेवलं होतं.

ओळीत माझ्या शेजारी बसलेली बाई खाली मान घालून प्रार्थना करत होती. मीही मान खाली घातली, पण डोळे मिटेनात.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची, मार्चमधल्या पहिल्या रविवारची. नगर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, दगडी चर्च, ऐंशी-नव्वद माणसांची मंडळी. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, लग्नाला चार वर्षं झाली होती. माझं नाव नामी, आणि ते किती नामी आहे हे मला कुणी ना कुणी आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचंच. नवरा जयवंत शाळेत मास्तर आणि चर्चमध्ये तबल्यावर. घरात तिसऱ्या आमच्या सासूबाई, सगुणाबाई. मंडळीत त्यांना फार मान. कारण एकच: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचे पेले त्या भरत. वीस वर्षं भरत होत्या. शनिवारी रात्री द्राक्षं निवडायची, कुस्करायची, उकळायची, दोनदा गाळायची, आणि रविवारी सकाळी काही न खाता-पिता चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन ते इवलेसे काचेचे पेले भरायचे. त्यांचा एक कडक नियम होता. भरताना रसाचा थेंबही जिभेला लावायचा नाही. "आशीर्वाद व्हायच्या आधी चाखला तर ते नुसतं सरबत," असं त्या म्हणत.

त्या हिवाळ्यात गावात कावीळ आली. मंडळीतल्या दोन घरांत अंथरुणं पडली. महिला मंडळाच्या बैठकीत मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "पेले नुसते धुऊन काय होतंय? परमँगनेटच्या पाण्यात बुडवून काढायला हवेत." विहिरीत टाकतात ते लाल औषध, असं समजावूनही सांगितलं. बायकांना पटलं. कुणी तरी म्हणालंच, "नामीची युक्ती खरोखर नामी!" सगळ्या हसल्या. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी जयवंतला समोर बसवलं. "वीस वर्सं मी पेले धुतले. कढत पान्यानं, तीन-तीनदा. आन् आता तुझी बायकू चार बायांत म्हनती, त्यात रोग व्हता."

"आई, मी तसं म्हणाले नाही," मी आतून म्हणाले.

"तिला सांग, मला ऐकू येतं. म्हातारी झाले, बहिरी न्हाई झाले."

खरं सांगायचं तर मी तसं म्हणाले नव्हते, पण नाक वर करून म्हणाले होते. माफी मागायला हवी होती. मागितली नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. तीन आठवडे. "जयवंत, तिला सांग दूध उतू चाललंय." "अहो, आईंना सांगा, तेवढं मला दिसतं." बिचारा मधल्या मधे ढोलकीसारखा दोन्ही बाजूंनी वाजत होता.

आणि असं असूनही रविवारी दोघी एकाच खोलीत कामाला. मी पहाटेच गेले. आधी फिनेल घालून खोली धुतली. त्या वासानं डोकं उठलं होतं. मग स्टोव्हवर पाणी तापवून एका ॲल्युमिनियमच्या किटलीत परमँगनेटचे खडे विरघळवले. मोजून टाकायला हवे होते. पण सासूबाईंची खोड मोडायची या तावात मी निम्मी बाटली रिकामी केली. त्यातलं वाटीभर पाणी टबात ओतलं तरी टब गुलाबी झाला. पेले बुडवले, उकळलेल्या पाण्यातून काढले, पुसून तबकात लावले. किटलीत उरलेलं पाणी दाट जांभळं, जवळजवळ काळं. ते संडासात ओतायचं असं मनात ठरवून किटली मी ओट्यावर ठेवली. तेवढ्यात सासूबाई आल्या, त्यांची रसाची किटली शेजारी ठेवली. दोन्ही किटल्या महिला मंडळाच्याच, एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गायनमंडळाची घंटा झाली आणि मी निघाले.

आता मेजावर तो डाग होता.

पाळकसाहेब आढाव भाकरी मोडत होते. मंडळीचे पंच ताटं घेऊन उठले. आमच्या चर्चची रीत अशी की आधी भाकरी फिरते, मग पेले. भाकरीचा तुकडा हातात धरायचा, सगळ्यांना मिळाला की साहेब सांगतात आणि सगळे एकदम तोंडात घालतात. पेल्याचंही तसंच. म्हणजे माझ्याकडे वेळ होता. किती? भाकरी फिरून यायला चारेक मिनिटं, मग एक कडवं, मग पेल्यावरची प्रार्थना, मग पेले.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं तपकिरी झाली होती. मनात म्हटलं, डाग माझ्याच बोटांचा असेल. कापड मीच अंथरलं होतं ना? पण नाही, कापड मी अंथरलं तेव्हा हात पुसलेले होते, आणि बोटाचा डाग गोल कसा पडेल? तो थेंबाचा होता. भरताना तबकाच्या काठावर सांडून मेजावर गळलेल्या थेंबाचा.

घट्ट परमँगनेट पोटात गेलं तर काय होतं हे मला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईनं रागाच्या भरात ते प्यायलं होतं. तोंड, जीभ, घसा, सगळं भाजून काळं पडलेलं. घसा सुजून तिचा श्वास अडकत होता. तो आवाज माझ्या कानात आला आणि मी समोर पाहिलं. बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर सासूबाई, डोक्यावरून पदर, डोळे मिटलेले. त्यांच्या मागे सातव्या महिन्यातली एक बाई. मागे म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर पोरं घेतलेल्या. सगळी ओळखीची माणसं. बहुतेकांना मी कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं.

भाकरी माझ्याकडे आली. साहेबांनी सांगितलं, सगळ्यांनी घेतली. माझ्या तोंडात तो तुकडा तसाच राहिला. थुंकी म्हणून उरली नव्हती.

जयवंत माझ्या पुढ्यात, तबल्यापाशी. मी वाकून त्याच्या कानाशी गेले.

"अहो, पेल्यांत औषध आहे."

"काय?"

"रस नाही, औषध आहे. किटली बदलली."

त्यानं मान न वळवता विचारलं, "कुणी पाहिलं?"

मी गप्प राहिले.

"नामी," तो दातांतल्या दातांत म्हणाला, "आज तरी आईला सोड. इथं, मेजासमोर? लोक काय म्हणतील?"

"डाग बघा कापडावर. तपकिरी आहे."

"कापड आहे, डाग पडणारच. गप्प बस आता, कडवं घ्यायचंय."

त्याचा हात तबल्यावर पडला. लोक उभे राहिले, गाऊ लागले. मीही उभी राहिले, ओठ हलवले. त्याचं तरी काय चुकलं? तीन आठवडे आमचं भांडण वाहून त्याचे खांदे दुखले होते. त्याला वाटलं, हा त्याच भांडणाचा पुढचा अंक. सगळ्यांना तसंच वाटलं असतं. प्रभुभोजनाच्या वेळी आमच्या चर्चमध्ये लहान मूलही रडत नाही. रडलंच तर आई त्याला उचलून बाहेर नेते. अशा वेळी मी उठून ओरडायचं की पेले विषारी आहेत, आणि पेले भरलेत माझ्या सासूनं. आणि तो रसच निघाला तर? मग मी कोण ठरले? सासूचा सूड घ्यायला प्रभूच्या मेजासमोर तमाशा करणारी सून. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आणि तो रस नसला तर? कडवं संपलं.

पाळकसाहेब पेल्यांवर हात धरून प्रार्थना करू लागले. मी डोळे उघडे ठेवून डागाकडे पाहत होते. देवा, जांभळा हो, मी म्हणत होते. अक्षरशः हीच प्रार्थना. जांभळा हो, जांभळा हो. लहानपणापासून एवढ्या कळवळून मी काही मागितलं नव्हतं. डाग तपकिरी तो तपकिरीच राहिला.

"आमेन," सगळे म्हणाले.

लोंढेसाहेबांनी वरचं तबक उचललं आणि ते पुरुषांच्या बाजूला वळले; खालचं तबक घेऊन दुसरे पंच बायकांकडे गेले. ते आमचे मुख्य पंच, बारीक पावलं टाकत चालायचे. मी स्वतःशी हिशेब करत होते: सगळ्यांना मिळेपर्यंत कुणी पिणार नाही, साहेब सांगेपर्यंत कुणी पिणार नाही, तोवर पेला माझ्या हातात येईल, रुमालावर थेंब टाकून बघेन, खात्री करून घेईन, आणि मग. आणि तेवढ्यात पहिल्या बाकाच्या टोकाला बसलेले दावीदतात्या दिसले.

तात्या सत्त्याऐंशी वर्षांचे, ड्रिल मास्तर म्हणून निवृत्त झालेले. कानांनी ठार बहिरे. साहेबांची खूण त्यांना कधी ऐकूच येत नसे, त्यामुळे पेला हातात पडला की ते सरळ पिऊन टाकायचे आणि रिकामा पेला गुडघ्यावर धरून बाकीच्यांची वाट बघत बसायचे. मंडळीत हा चेष्टेचा विषय होता. साहेबही हसून म्हणायचे, तात्यांना प्रभू आधी भेटतो.

लोंढेसाहेब त्यांच्यापासून तीन पावलांवर होते.

मी उभी राहिले. तोंड उघडलं. आवाज फुटेना. जयवंतनं माझा पदर ओढला. मी तो हिसकला आणि पळाले. मेजासमोरून, ज्या मोकळ्या जागेत पाळक-पंचांशिवाय कुणी पाय ठेवत नाही तिथून पळाले. पेल्यासकट तात्यांचा हात ओठांपर्यंत गेला होता. मी त्यावर जोरात फटका मारला.

पेला फरशीवर पडून फुटला. तात्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर जांभळे शिंतोडे उडाले.

"नामीबाई!" पाळकसाहेबांचा आवाज.

"पिऊ नका," मी म्हणाले. आधी कुजबुजल्यासारखं, मग एकदम ओरडून, "कुणी पिऊ नका! तो रस नाही!"

कुणी हललं नाही. लोंढेसाहेब तबक हातात धरून जागच्या जागी थिजलेले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग होता.

"काय प्रकार आहे हा?" ते म्हणाले. "घरची भांडणं घरी ठेवा. हे प्रभूचं मेज आहे."

"साहेब, सदरा बघा त्यांचा."

"काय बघू?"

"बघा. जरा थांबा आणि बघा."

त्या एक-दोन मिनिटांइतका वेळ माझ्या आयुष्यात कधी लांबला नाही. सगळे दावीदतात्यांच्या छातीकडे बघत होते आणि तात्या सगळ्यांकडे. शिंतोडे जांभळेच होते. मागच्या बाकावरून कुणी तरी "चक्" केलं. आणि मग कडेकडेनं तो रंग मरायला लागला. जांभळ्याचा विटकरी झाला, विटकरीचा तपकिरी. पाळकसाहेब खाली उतरून आले, वाकून पाहिलं, मग सरळ होऊन एवढंच म्हणाले, "पेले परत द्या. कुणी ओठाला लावू नका."

"काय झालं?" तात्या मोठ्यांदा ओरडले. "आज रस न्हाई का?"

मी त्यांच्या पायाशी बसले. "तात्या, जीभ दाखवा. जीभ!" मी स्वतःची जीभ काढून दाखवली, तशी त्यांनीही शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढली. जीभ लाल होती. ओठ तेवढे जांभळे झाले होते. मी पदरानं पुसले, पाण्यानं चूळ भरायला लावली, पुन्हा पुसले. पाळकीणबाई धावत जाऊन दूध घेऊन आल्या. तात्यांनी ते आनंदानं प्यायलं. पुढचा आठवडाभर त्यांचे ओठ तपकिरी होते आणि येईल त्याला ते दाखवत होते. पण हे नंतरचं. तेव्हा मी फक्त त्यांचा श्वास ऐकत होते. श्वास साफ होता.

पंचांनी हातोहात दिलेले पेले गोळा केले. लोंढेसाहेबांचा राग आता दुसरीकडे वळला होता.

"पेले भरले कुणी?"

सगळ्यांना ठाऊक होतं कुणी भरले ते. तरी त्यांनी विचारलं.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. पदर नीट केला. "मी भरले. चूक माझी हाय. किटली वळखली न्हाई म्या."

"सगुणाबाई, वीस वर्षं..."

"वीस वर्सं न्हाई झाली, आज झाली. माझी हाय."

आणि मी गप्प राहिले.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे. आतापर्यंत मी ती टाळली. घंटा झाली आणि मी निघाले, असं वर म्हटलंय. ते खरं आहे, पण मी लगेच गेले नव्हते. दारात थांबले होते. का थांबले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सासूबाईंची माझ्याकडे पाठ होती. त्यांनी हात पुढे केला आणि उजवीकडची किटली उचलली. माझी. मी पाहिलं. माझ्या मनात काय आलं तेही मला स्वच्छ आठवतं. ओतताना कळेल, असं आलं. एक थेंब बोटावर पडेल, बोट रंगेल, मग कळेल की डोळे उघडे ठेवून काम करायचं असतं. मग येतील मला विचारायला, आणि तेव्हा मी बोलेन. "आई, ती नव्हे," एवढे तीन शब्द पुरले असते. पण आमचं बोलणं बंद होतं ना. मी वळले आणि गाणं म्हणायला गेले. पहिलं गीत संपेपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती की त्यांच्या केव्हाच लक्षात आलं असणार.

म्हणून मला डाग लगेच ओळखता आला. म्हणून जयवंतनं "कुणी पाहिलं" विचारल्यावर मी गप्प बसले. आणि म्हणूनच ती भीती तशी होती. माणसं मरतील ही भीती होतीच. पण ती मी मारलेली असतील, ही तिच्याखाली दुसरी होती.

सासूबाईंना जाऊन आता नऊ वर्षं झाली. मंडळीत आजही ही गोष्ट निघाली की सगुणाबाईंची चूक आणि नामीची नजर, अशीच सांगितली जाते.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपासना मोडली नाही. म्हणाले, रस आहे ना? आहे. दुसऱ्या किटलीत भरलेला होताच. तबकं पुन्हा धुवायची, पेले पुन्हा भरायचे, मंडळी तोवर शांत बसून राहील. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"आता माझ्या हाताला नगं. तिला भरू द्या."

मी मागच्या खोलीत एकटी गेले. औषधाची किटली आधी संडासात रिकामी केली. पेले घासले. रसाची किटली उचलली. मी वीस वर्षांचा नियम मोडला. बोट बुडवून चाखलं. गोड होता, किंचित तुरट. तिथंच ओट्याला टेकून मी रडले, आणि मग भरले.

पेले फिरले. साहेबांनी पुन्हा प्रार्थना केली, आधीपेक्षा लहान. तबक माझ्यासमोर आलं तेव्हा मी मान हलवून ते पुढे जाऊ दिलं. आमच्यात पेला न घेणं ही मोठी गोष्ट असते. मनात काही बोच असेल तर घेऊ नये असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. न घेणाऱ्याकडे सगळ्यांच्या माना वळतात. त्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. बाई घाबरलीय, असं म्हणाले. पहिल्या बाकावरून सासूबाईंनी मात्र पाहिलं.

उपासना सुटली. लोक माझे हात हातात घेऊन "सलाम, बाई, सलाम" करत होते. "तुमच्यामुळं वाचलो," म्हणत होते. एका बाईनं माझ्या कपाळाचा मुका घेतला. जयवंत मान खाली घालून जवळ आला, "मी ऐकायला हवं होतं," म्हणाला, आणि तात्यांना घरी पोचवायला गेला. आम्ही दोघी घरी निघालो.

ऊन डोक्यावर आलं होतं. कारखान्याच्या रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. सासूबाई दोन पावलं पुढे, मी मागे. पुलापाशी आल्यावर त्या न वळता म्हणाल्या, "पेला का न्हाई घेतला?"

तीन आठवड्यांनी त्या माझ्याशी बोलल्या होत्या.

"घेववला नाही, आई."

"का? चूक माझी झाली. तू तर मान्सं वाचवली."

तेव्हाही मला गप्प राहता आलं असतं. गप्प राहावं, असंच वाटत होतं. हे बाहेर पडलं तर घर जाईल, जयवंत जाईल, मंडळीत उभी राहायची सोय उरणार नाही, हे सगळं मी त्या चार पावलांत मोजलं. पण त्या पुढे चालल्या होत्या, पाठ किंचित वाकलेली, आणि ती पाठ मला सहन होईना.

"मी दारात होते," मी म्हणाले. "तुम्ही माझी किटली उचललीत. मी पाहिलं होतं. पाहिलं आणि बोलले नाही."

त्या थांबल्या. मीही थांबले. आता त्या काय म्हणतील, काय करतील, या विचारानं मी अंग चोरून उभी होते, मार खाणाऱ्या पोरासारखी.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू दारात व्हतीस ते. तुझी सावली पडली ना वट्यावर." त्या वळल्या. उन्हानं डोळे बारीक झाले होते. "किटली हातात घेतली आन् मला जरा शंका आली व्हती. कोमट लागली. आपला रस तर रातीच गार झालेला. म्हटलं, इचारावं का तिला? पर आपलं बोलनं बंद."

"मग?"

"मंग काय? म्हटलं, नामी हाय की मागं उभी. शिकल्याली हाय, दवाखान्यात काम करती. माझं चुकत आसंल तर ती काय गप ऱ्हानार हाय का? म्हनून तर बिनघोर भरलं."

आणि त्या पुढे चालू लागल्या. मी त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधला. घरी पोचेपर्यंत शोधत राहिले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं. तो नव्हता.